नव्या चेंडूची चकाकी

२ मार्च

शिट्टी आज दारात येऊन गेला.

शिट्टी म्हणजे कॉलेजच्या बेसबॉल संघाचा कोच. गळ्यातली शिट्टी तो झोपतानाही काढत नसेल. मी त्याला मनातल्या मनात शिट्टीच म्हणते, आता इथेही म्हणेन.

"वहिनी, शनिवारी पहिला सामना. पाच डझन आहेत. होतील ना?"

मी पिशवी घेतली आणि दार लावलं. मी याची वहिनी कधीपासून झाले? माझ्या नवऱ्याला मैदानावरून काढलं तेव्हा हे नातं कुठे शेण खायला गेलं होतं?

लिहायला बसलेच आहे तर नीट लिहिते. बेसबॉलचा नवा चेंडू पांढराशुभ्र आणि चकचकीत असतो. दिसायला देखणा, हातात धरायला नालायक. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, त्याच्या बोटांतून तो ओल्या साबणासारखा निसटतो. म्हणून सामन्याआधी एकेका चेंडूला चिखल चोळून त्याची चकाकी उतरवावी लागते. कुठलाही चिखल चालत नाही. नदी वळते तिथे पाणी संथ होतं, त्याच्या तळचा मऊ गाळ लागतो. तो गाळ हे स्वतः आणायचे, फडक्यातून गाळायचे आणि डब्यात पाण्याखाली ठेवायचे. एका चेंडूला बोटाच्या पेराएवढा पुरतो. चेंडू काळा पडता कामा नये आणि गुळगुळीत राहता कामा नये. मैदानही हेच सांभाळायचे. गवत, पांढऱ्या रेषा, आणि मधोमध मातीचा उंचवटा, ज्यावर उभं राहून पिचर फेकतो.

दोन वर्षांपूर्वी संघ अंतिम सामना हरला. शिट्टीने भर मैदानात उंचवट्याची माती बुटाने उकरली आणि सगळ्यांच्या देखत ह्यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "उंचवटा ढासळला होता. या माणसाने कामचुकारपणा केला." त्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले होते. हे गुडघ्यांवर बसून तो उंचवटा हाताने थापत होते, लेकराला झोपवताना थोपटतात तसा. पुढच्या महिन्यात ह्यांना मैदानावरून उचललं आणि सामानाच्या खोलीत किल्ल्या सांभाळायला बसवलं. हिवाळा संपायच्या आत गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. हृदयच असणार. अपमान काही गुडघ्याला लागत नाही.

गेल्या हंगामात चेंडू मीच चोळले. तेव्हा नुसतं रडायचंच काम होतं, हातांना काहीतरी हवं होतं. संघ जिंकला. शिट्टीचा फोटो छापून आला, मान ताठ, छाती पुढे. त्या फोटोखाली ह्यांच्या चिखलाबद्दल अवाक्षर नव्हतं.

यंदा मी रडत नाहीये.

५ मार्च

वाचनालयातून विषांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी मारण्यासारखं कुणी उरलेलं नाही," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. तारखेचा शिक्का मात्र जरा हळू मारला.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं सगळं याच वाचनालयात, कपाट लागेल तसं वाचलं. त्यामुळे मला बऱ्याच निरुपयोगी गोष्टी येतात आणि सगळ्यांना येणाऱ्या कित्येक येत नाहीत. पुस्तकात होतं की चांगल्या विषाला पेल्यातल्या पेयाचाच रंग असतो. आज चहा गाळताना चोथ्याचं पाणी ओट्यावर सांडलं. फडक्याने पुसलं तर फडकं चिखल चोळलेल्या चेंडूच्या रंगाचं झालं. अगदी तोच मळकट पिवळा.

पाचही डझन चेंडू चोथ्याच्या पाण्याने पुसले. रंग बदलला, चकाकी दिसेनाशी झाली, पण बोट फिरवलं की सर्रकन घसरतं. चिखलाच्या डब्याला हात लावला नाही. ह्यांनी भरलेला तो शेवटचा डबा आहे. शिट्टीसाठी तो आणखी खरवडायचा कशाला?

चेंडू दोन्ही संघांना तेच असतात हे मला कळतं. पण पाहुणे एक दिवस येतील, एक दिवस त्यांच्या हातून चेंडू निसटेल. आपल्यांना हंगामभर तेच. मी सगळा विचार केलेला आहे.

८ मार्च

हरले! अकरा-सहा.

बगळा सांगत आला. बगळा म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, लांब पायांचा, लांब मानेचा. कॉलेजसाठी माझ्याकडे राहतो. तोही पिचर आहे, चेंडू फेकायला ह्यांनीच शिकवलं त्याला. पण शिट्टी त्याला बाकावर बसवून ठेवतो. खेळतो तो दुसरा, संघाचा लाडका. मी त्याला राजपुत्र म्हणते.

"काकू, आज चेंडू कुठे जाईल ते फेकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्यांचा पिचर तसाच, आपला तसाच. नुसता गोंधळ. आणि आपल्याकडून एक निसटला तो त्यांच्या बॅट धरणाऱ्याला लागला."

"कुठे?"

"खांद्याला. थोडा वर लागला असता तर कान गेला असता."

"आता बरा आहे?"

"बर्फ लावला. बरा आहे."

मी पुन्हा एकदा विचारलं. बरा आहे म्हणाला. विषाच्या पुस्तकातही असं घडतं, पेला कधी कधी भलताच माणूस उचलतो. पण तो बरा आहे.

जेवताना बगळा म्हणाला, "काकू, चेंडूंना चहाचा वास येत होता. पंच म्हणत होते, आता बिस्किटंही आणा."

"चहा पीत पीतच चोळते मी. सांडला असेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपात पाहिलं. "बरं," म्हणाला.

१६ मार्च

पाच-एक. पुन्हा हरले. शिट्टी खेळाडूंवर इतका ओरडला म्हणे की घसा बसला. मला आज भात दुप्पट गेला.

बगळा हल्ली कामाचा झालाय. चेंडूंची पिशवी मला उचलू देत नाही. सामन्याच्या दिवशी उजाडायच्या आत घेऊन निघतो. लवकर गेलं की सरावाला मोकळी जागा मिळते म्हणे. त्याच्या काकांनी इतकी वर्षं ती पिशवी वाहिली, तेव्हा याला कधी सुचलं नव्हतं. वय वाढतं तशी समज येते माणसाला.

२० मार्च

परगावी सामना होता. तिथेही हरले, सात-दोन.

आता तिथले चेंडू काही मी पुसलेले नव्हते. त्यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, घरच्या मैदानावर हातात जी धास्ती बसली ती तिथवर त्यांच्याबरोबर गेली. साप चावलेला माणूस दोरीलाही भितो. म्हणजे माझं विष मुरतंय.

२९ मार्च

आणखी एक. तीन-शून्य. आपल्यांना एकही धाव नाही! भोपळा!

आज सहज चिखलाचा डबा उघडला. उगाच, वास घ्यायला. तो वास म्हणजे संध्याकाळी घरी आलेले हे. डबा अर्ध्याच्याही खाली गेलाय. मी हात लावत नाही तरी. झाकण सैल झालं असणार, चिखल वाळून बसतोय. वर पाणी घातलं आणि झाकण दगडाने ठोकून लावलं.

बगळ्याच्या नखांत माती असते. टॉवेलला रोज तपकिरी बोटं.

"माती कुठे उकरतोस रे?"

"मैदानात, काकू."

"बाकावर बसून? बाक काय मातीचं केलंय?"

तो हसला आणि हात धुवायला गेला. साबण लावून, पार कोपरापर्यंत. इतका शहाणा मुलगा, पण टॉवेलचं काही त्याला कळत नाही.

६ एप्रिल

बाजारात शिट्टी भेटला. गाल बसलेत. हातात एकच कांद्याची पिशवी, ती या हातातून त्या हातात करत होता.

"वहिनी, यंदा काही खरं नाही आमचं," म्हणाला. "तुमच्या हातचे चेंडू मात्र पहिल्यासारखेच छान होतात. ऑफिसवाले म्हणत होते, बाटलीतलं काहीतरी मिळतं ते लावू. मी म्हटलं, नाही. चेंडू त्यांच्या घरीच जातील."

मी "हो का" म्हणाले आणि वळले. पोटात अशा उकळ्या फुटत होत्या की आणखी दोन वाक्यं बोलला असता तर तोंडावरच हसले असते. आंधळा! इतकी वर्षं चेंडू हाताळतोय आणि चोथा आणि चिखल कळत नाही! आणि चेंडू माझ्याकडेच पाठवतो म्हणजे उपकार करतो की काय? बाटलीपेक्षा विधवा स्वस्त पडते, एवढंच.

घरी येऊन ह्यांच्या फोटोसमोर सगळं सांगितलं. ऐकून हे काही बोलले नाहीत. जिवंतपणी तरी कुठे बोलायचे!

१७ एप्रिल

आज दोन बातम्या आल्या आणि दोन्ही एकाच ताटात.

पहिली ही की कॉलेजच्या मंडळाने शिट्टीला सांगितलंय, शेवटचा सामना हरलात तर पुढच्या वर्षी कोच दुसरा. सामना सत्तावीसला, इथेच. ऐकलं तेव्हा मी भांडी घासत होते. कढई इतकी लखलखीत घासली की तिच्यात तोंड दिसलं. हसरं होतं.

दुसरी बातमी बगळ्याने दारातूनच ओरडून सांगितली. "काकू! सत्तावीसला मी फेकणार! सरांनी राजपुत्राला बसवलं! मी!" त्याने मला उचलून गोल फिरवलं. माझी चप्पल उडून कपाटाखाली गेली.

आता काय करू? बगळ्याने जिंकावं आणि शिट्टीने हरावं, असा काही नियम या खेळात आहे का? वाचनालयात नियमांचं पुस्तक आहे, ते चाळून आले. नाही.

१८ एप्रिल

सकाळी चहा गाळला आणि चोथा टाकून दिला. पोराच्या हातात मी निसटता चेंडू देणार नाही. एवढी खाली मी अजून उतरलेली नाही. ठरवलं, या एका सामन्याचे चेंडू चिखलाने चोळायचे. हे असते तर तेच म्हणाले असते.

डबा काढला. झाकण उघडलं. आत काही नाही. तळ खरवडलेला, आणि खरवडल्याच्या खुणा बोटांच्या. चार बोटं, लांब लांब.

बगळा कॉलेजातून आला तेव्हा डबा टेबलावर, मध्येच ठेवलेला होता. त्याने पाहिलं आणि पाठीवरची पिशवी न काढताच बसला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पहिल्या सामन्यानंतर लगेच."

"प्रत्येक वेळी?"

"घरच्या प्रत्येक सामन्याला. मैदानामागच्या नळावर. तुझे पुसलेले चेंडू परत चोळायचो."

"घरभेद्या!" मी ओरडले. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे. "माझं खातोस, माझ्या घरात झोपतोस आणि त्या शिट्टीची चाकरी करतोस? तुझ्या काकांना त्याने मारलं! तुझ्या सख्ख्या काकांना!"

"काकू, पहिल्या दिवशी त्या मुलाला लागला ना, तो माझ्या समोर पडला. आवाज आला नुसता. काका सांगायचे, चेंडू गुळगुळीत राहिला तर एखाद्या दिवशी माणूस मरतो. त्याच्या कानाला लागला असता तर? लोक म्हणाले असते, चेंडू काकूने चोळले. काकांच्या जागी बसून चोळले."

मी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग मला एक गोष्ट सुचली आणि मी म्हणाले, "मग इतके सामने हरलात कसे?"

त्याने आता कुठे पाठीवरची पिशवी काढली.

"आम्ही वाईट खेळतो, काकू."

"सगळे?"

"सगळे. पहिलासुद्धा बहुतेक हरलोच असतो."

मी उठून आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली. त्याला रात्री काय जेवलास ते विचारलं नाही.

२१ एप्रिल

तीन दिवस बगळ्याशी बोलले नाही. अंडं उकडून त्याच्यासमोर ठेवते आणि भिंतीशी बोलते. "मीठ डबीत आहे," असं भिंतीला सांगते. तोही भिंतीलाच "थँक्यू" म्हणतो.

रागाचं कारण शोधलं तेव्हा बरं वाटलं नाही. त्याने फसवलं म्हणून राग आहे, तो खरा. पण त्याहून मोठा राग हा की इतके दिवस मी जे चघळत होते ते माझं नव्हतंच. मी काही केलंच नाही. कुणी न मागता पाच-पाच डझन चेंडू चहात धुतले, इतकंच.

मग आज कपडे वाळत घालताना दुसरी बाजू दिसली. म्हणजे हे सगळे पराभव शिट्टीचे स्वतःचे. चेंडू चांगले, मैदान चांगलं, ऊन चांगलं, आणि तरी हा माणूस हरत गेला. मी न ढकलता खड्ड्यात पडला. चिमटे तोंडात धरूनच हसले.

२२ एप्रिल

भिंतीकडे पाठ करून बगळाच बोलला. "काकू, तुला कळायला हवं म्हणून सांगतो. सर मंडळासमोर म्हणाले, चेंडूंचं काहीतरी बिघडलंय. घरी चोळून येतात, त्यावर कुणाचं लक्ष नसतं. सत्तावीसला पंचांकडून चेंडू तपासून घेणार आहेत."

बाजारात भेटला तेव्हा छान होते चेंडू. खुर्ची हलायला लागल्यावर बिघडले.

आधी उंचवटा, आता चेंडू. आधी हे, आता मी.

मी गॅस बंद केला. एवढं स्वच्छ मला या हंगामात काही दिसलं नव्हतं. या माणसाला हरवून काही होत नाही. हरणं त्याला जमतं. प्रत्येक वेळी हरल्यावर त्याला बोट दाखवायला कुणीतरी लागतं, आणि मी मूर्खासारखी चहाचा चोथा घेऊन त्याच्या बोटासमोर जाऊन बसले होते. बगळा नसता तर सत्तावीसला पंचांनी चेंडू हुंगला असता आणि शिट्टी जन्मभर सुटला असता.

त्याचं निमित्तच काढून घ्यायचं. सगळं काढून घ्यायचं. चेंडू असे करायचे की तो हरेल तेव्हा हात वर करेल आणि बोट दाखवायला कुणी सापडणार नाही.

"बूट घाल," मी बगळ्याला म्हणाले. "नदीवर जायचंय."

"भिंतीला सांगतेस की मला?"

"गाढवा, भिंतीला बूट असतात का?"

२५ एप्रिल

नदीच्या वळणावर मी ह्यांच्याबरोबर फक्त एकदा गेले होते, लग्न नवीन असताना. तेव्हा मला वाटलं होतं फिरायला नेतायत. हे पँट दुमडून पाण्यात उतरले आणि मला म्हणाले, "बादली धर."

बगळ्याला जागा ठाऊक होती. बादली मीच धरली.

गाळ तीनदा गाळला. आज दिवसभर चोळत होतो, तो त्या टोकाला, मी या टोकाला. त्याचे हात अगदी ह्यांच्यासारखे फिरतात, अंगठा शिवणीच्या बाजूने. मी मध्ये मध्ये तपासत होते. एक त्याने जरा काळा केला तर डोक्यात टपली मारली. असे चेंडू मी गेल्या वर्षीही केले नव्हते. सूड म्हणून एवढं निगुतीने काम कुणी करत असेल असं पुस्तकांत तरी वाचलेलं नाही.

२७ एप्रिल

सगळं आजच लिहिते. उद्या मी त्यात साखर घालेन.

हे गेल्यावर पहिल्यांदाच मैदानावर गेले. पहिल्या रांगेत बसले. नवा मैदानवाला, पंचविशीचा, उंचवट्याशेजारी दांडा धरून उभा होता. चेहरा पांढरा. त्यालाही माहीत असणार, हरल्यावर इथे काय होतं ते.

बगळा सुंदर फेकत होता. मला बारकावे कळत नाहीत, पण समोरचे एकामागून एक मान हलवत परत जात होते, एवढं कळलं. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावाला आपण तीन-दोन पुढे होतो. मी दोन्ही मुठी आवळून बसले होते, एक त्याच्यासाठी, एक शिट्टीसाठी. कोणती कशासाठी ते नंतर माझं मलाच कळेना.

मग बगळ्याचा हात खाली यायला लागला. खांदा पडला. शिट्टी बाहेर आला, त्याला काहीतरी विचारलं. बगळ्याने मान हलवली. शिट्टी परत गेला. पुढच्याच चेंडूवर तो फटका बसला, उंच, लांब, कुंपणाजवळ. त्यांची दोन माणसं धाव पूर्ण करून आली. चार-तीन.

शिट्टी पुन्हा उंचवट्यावर आला. आणि त्याने बुटाने माती उकरली. तशीच, दोन वर्षांपूर्वीसारखी. नव्या मैदानवाल्याने डोळे मिटले. माती घट्ट होती, उकरली गेली नाही. मग शिट्टीने बगळ्याच्या हातातला चेंडू घेतला आणि पंचांकडे गेला.

पंच म्हातारे आहेत, बहिरे झालेत, त्यामुळे ओरडूनच बोलतात. त्यांनी चेंडूवर अंगठा फिरवला, उन्हात धरला, हुंगलासुद्धा.

"याला काय झालंय?" पंच ओरडले. "असा चेंडू कित्येक वर्षांत हातात आला नाही! चला, खेळा!"

सगळ्या मैदानाने ऐकलं. शिट्टी तिथे उभा राहिला आणि त्याच्या हातांना काही काम उरलं नाही. हे पाहायला मी दोन वर्षं जगले.

आपली शेवटची पाळी आली आणि गेली. हरलो.

सगळे उंचवट्याजवळ गोळा झाले. मंडळाचे एक गृहस्थ तिथे आले आणि म्हणाले, "काय झालं?" शिट्टीने तोंड उघडलं. तो काय म्हणणार होता ते कधीच कळणार नाही, कारण बगळा आधी बोलला.

"सरांनी विचारलं होतं, दमलास का. मी नाही म्हणालो. दमलो होतो. माझी चूक झाली."

टोपी काढून, सरळ उभा राहून बोलला. नाक गळत होतं, पुसलं नाही. एवढंच वाक्य होतं. एवढंच मला त्या दुसऱ्या माणसाकडून हवं होतं, आणि ते याच्या तोंडून आलं, ज्याची अर्धीसुद्धा चूक नव्हती. पण मी त्यासाठी आले नव्हते. मी कुंपणाचं फाटक उघडून आत गेले.

शिट्टीने मला पाहिलं. "वहिनी," म्हणाला, "चेंडू चांगले होते."

"उंचवटा?"

"तोही."

"आजचा नाही विचारत."

त्याला कळलं. त्याने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," मी म्हणाले. "तेव्हा मोठ्यानं बोलला होतात. पंचांना कमी ऐकू येतं."

"दोन वर्षांपूर्वीचा उंचवटा चांगला होता," शिट्टी म्हणाला. आवाज फाटला होता पण मोठा होता. "माझंच चुकलं होतं."

पंच ओरडले, "मी तेव्हाही हेच म्हणालो होतो!"

"मग तेव्हा का नाही ओरडलात?" मी विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे.

येताना बगळ्याने पिशवी घेतली. वाटेत तो म्हणाला, "काकू, तू खूश आहेस की नाहीस?"

"तू हरलास."

"ते माहीत आहे. मी विचारतोय काय?"

मी सांगितलं, घरी चल, अंघोळ कर, नखं घास.

३ मे

शिट्टी कॉलेज सोडून गेला. जाताना निरोपाला आला नाही ते बरं झालं. आलाच असता तर मी चहा विचारला असता की नसता, ते माझं मलाच सांगता येत नाही.

मला वाटलं होतं, ज्या दिवशी तो जाईल त्या दिवशी पोट भरेल. भरलं नाही. हे आहेत तिथेच आहेत, फोटोत. पण ह्यांना सांगायला काहीतरी होतं. सांगितलं. "मोठ्यानं बोलायला लावलं," असं दोनदा सांगितलं. माफ मात्र केलेलं नाही, तेही सांगितलं. ती घाई मला नाही.

विषाचं पुस्तक परत केलं. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "उपयोग झाला?" मी म्हणाले, "लेखकाला चहाची माहिती कमी आहे."

२० मे

नवा कोच आला. बगळा त्याला भेटून आला आणि खुर्चीवर पाय पसरून बसला. मी चहा करत होते.

"कसा आहे?"

"तरुण आहे. चांगला वाटतो. मैदान बघितलं सगळं."

"काय म्हणाला?"

बगळा जरा घुटमळला. "काही नाही. उंचवटा थोडा कमी-जास्त वाटतो म्हणाला. पुढे बघू म्हणाला."

मी चहा गाळला. त्याच्यासमोर कप ठेवला. गाळणीत चोथा होता, गरम, चांगला काळाभोर. केराच्या डब्याकडे निघाले आणि मध्येच थांबले. एक रिकामी वाटी ओट्यावरच होती.

बगळा उठला. लांब हात पुढे केला.

"काकू," म्हणाला, "दे इकडे ती गाळणी."